वस्तादाच्या सोप्यावरचा पाहुणा

शालूबाई सडा टाकायला बाहेर आल्या तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. सोप्यावरच्या बाकड्यावर एक माणूस खांबाला टेकून बसला होता. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मंगळवार पेठेतल्या हंबीरराव वस्तादांकडे हाड बसवून घ्यायला लोक पार आजऱ्याहून येत आणि पहिला नंबर लागावा म्हणून पहाटेच येऊन बसत.

"पावणं, पाय वर घ्या. पाणी उडंल," त्या म्हणाल्या.

पाहुण्याने पाय घेतले नाहीत. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला त्या जवळ गेल्या, वाकून तोंडाकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि घरात जाऊन थोरल्या भावाला, म्हणजे वस्तादांना, उठवलं.

"दादा, तवनाप्पा शेट भाईर बसल्यात," त्या म्हणाल्या. "जीव न्हाई त्यांच्यात."

फौजदार नृसिंहराव बावडेकर टांग्यातून उतरले ते दोन्ही हातांनी दांडी धरून. साल १९५३, महिना चैत्राचा, आणि फौजदारांची पाठ गेली दोन वर्षं धरलेली. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांनी दरबारची वर्दी उतरवून मुंबई राज्याची चढवली होती. पाठ मात्र जुनीच राहिली. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि तेवढ्या काळात कोल्हापुरात कुणी वावगं मरू नये एवढीच त्यांची सरकारकडे आणि देवाकडे मागणी होती. दोघांनीही ती मनावर घेतली नव्हती.

तवनाप्पा शेट गुळाचे अडते. वय पन्नाशीचं, अंगाने बेताचे. धोतर, कोट, टोपी सगळं जागच्या जागी. मानेभोवती जाड पट्टी, पट्टीत बांबूच्या दोन कामट्या, आणि कडेने वाळून पिवळा पडलेला लेप. अंग लाकडासारखं कडक झालं होतं.

बावडेकर कष्टाने वाकले आणि पाय बघितले. पायात काही नव्हतं. पायरीपाशीही काही नव्हतं. तळवे मात्र स्वच्छ होते.

"ज्ञानू, यांचं पायताण कुठे आहे?"

जमादार ज्ञानूने बाकड्याखाली, पायरीखाली, गटाराकाठी बघितलं. "न्हाई साहेब. कुत्र्यानं वडून न्हेलं असंल."

"दोन्ही पायांतलं?"

ज्ञानू पुन्हा पायरीखाली वाकला.

दारात हंबीरराव उभे होते. बासष्ट वर्षांचे, दार भरून उरतील एवढे, कान कुस्तीने चुरगळलेले. त्यांनी जवळ येऊन पट्टीकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्या कानाखाली बोट नेलं. पट्टीला गाठ मारलेली नव्हती. टोक लंगोटाच्या टोकासारखं दोनदा आत खोवलं होतं. ती खोच बघून वस्तादांचा चेहरा असा उतरला की बावडेकरांनाही बघवेना.

"लेप कुणाचा?" फौजदारांनी विचारलं.

"माझ्या घरचा हाय."

"आणि बांधणी?"

"ही खोच बी आमचीच."

"म्हणजे काल तुम्ही यांची मान बसवायला गेलात?"

"माझ्या सोप्यावर मेलाय न्हवं? लिवा काय लिवायचं ते."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"दुसरं उत्तर न्हाई माझ्याकडं."

तोवर पेठ गोळा झाली होती. अडत्यांची चार माणसं बाह्या सरसावून उभी होती. नऊ वाजता वरून फोन आला की संध्याकाळी पाचपर्यंत गुन्हा नोंदवा, बाजार बंद पडायला नको. बावडेकर "होय साहेब" म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी फोनवर दुसरं काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

चौकीत हंबीरराव भिंतीला टेकून बसले होते. फौजदार दारापासून खुर्चीपर्यंत चालत आले. वस्तादांची नजर त्यांच्या पायांवर होती.

"साहेब, डाव्या पायात मुंग्या येत्यात न्हवं?"

बावडेकर थांबले. "कुणी सांगितलं?"

"टाच सरळ टेकत न्हाई तुमची. खोकला आला की कळ पायात उतरती?"

"उतरते."

"मग कुणाला हात लावू दिऊ नका. मला बी न्हाई. आधी मिरजंच्या दवाखान्यात जाऊन हाडाचा फोटो काढा."

"बायको रोज सांगते, वस्तादांकडे जाऊन या."

"बाईसाहेबास्नी म्हणावं, वस्तादच न्हाई म्हणाला. मुंग्या, ताप, कुठं सुन्न पडलं, चक्कर आली, ते आमचं काम न्हवं. मानंला तर मी चौदा वर्षं झाली हात लावत न्हाई. आधी बघावं, इचारावं, मग हात लावावा. अन् साहेब, बघायच्या आधीच बरं करतो म्हंतो त्येच्या दारात मानसानं उभं ऱ्हाऊ ने."

बावडेकर हळूच खुर्चीत बसले. स्वतः कोठडीच्या उंबऱ्यावर असलेला माणूस दुसऱ्याच्या टाचेची काळजी करत होता. असल्या माणसाला बेड्या घालायच्या म्हणजे जिवावर येतं.

"चौदा वर्षं मानेला हात लावत नाही म्हणता. मग काल कसा लावलात?"

वस्तादांनी नजर पुन्हा फौजदारांच्या टाचेकडे नेली.

"हाडाचं काम तुमच्याकडे कोण कोण शिकलं?"

"कुस्ती पुष्कळांनी. हाडाचं एकट्यानंच. अंबादास." वस्तादांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "बिन आईबापाचा हुता. तालमीत वाढला. उजवा खांदा सारखा निखळायचा त्येचा. जरा वज्जं उचललं की निघाला. कुस्ती गेली त्यापायी. मीच बसवायचो. मग म्हटलं, तू बसवायलाच शीक. नऊ वर्षांमागं मुंबैला गेला. आता डाक्टर हून आलाय. मागच्या बोळात पाटी लावलीया."

"हात कसा?"

"हात चांगला. धीर न्हाई."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, जणू एवढंही बोलायचं नव्हतं. बावडेकरांनी पुढे विचारलं नाही. विचारून बोलणाऱ्यांतला हा माणूस नव्हता.

इस्पितळात सरकारी डॉक्टर हात धूत होते.

"कशाने गेला?"

"मान झटक्यात फिरवली आहे. मणक्यातून वर जाणारी रक्ताची नळी फाटली असणार, मेंदूच्या बुडाशी रक्त साकळलंय. मानेवरचा लेप तुमच्यासाठी तसाच ठेवलाय."

"लगेच?"

"नाही. तासभर तरी लागला असेल. काल संध्याकाळी सात-साडेसातला संपलं असावं. वेळेत इथे आणलं असतं तर निदान काही बघता आलं असतं."

"वाचला असता?"

"तसं मी लिहून देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आणायला हवं होतं."

बाहेरच्या बाकावर तवनाप्पांची बायको सीताबाई बसल्या होत्या. रडणं आटोपलं होतं. बावडेकर त्यांच्या शेजारी बसले, कारण उभं राहवत नव्हतं.

"मान कधीपासून दुखत होती?"

"महिना झाला. बोटं सुन्न पडायची. चार दिसांमागं अण्णांकडं गेले. मी बी गेलतो संगं." अण्णा म्हणजे हंबीरराव. दोन घरांचा तीस वर्षांचा घरोबा. "अण्णांनी हात लावला न्हाई. मिरजंला जावा म्हणाले. हे चिडले. म्हणाले, थोरलीची सोयरीक बघायला कोडोलीला जायाचं, पावण्यांत मान वाकडी धरून बसू काय?"

"काल कधी निघाले?"

"दिस मावळायच्या आत जेवले. मानंचं करून येतो, तिथनंच यष्टीनं कोडोलीला जातो म्हणाले. म्हणून तर रात्री वाट बघिटली न्हाई."

"मानेचं कुणाकडे करणार, ते बोलले?"

"नाव घेटलं न्हाई. मला वाटलं, अण्णाच कबूल झाले असतील."

"पायात काय होतं त्यांच्या?"

"टायरच्या तळाचं, कॅनवासच्या पट्ट्याचं. जल्मात कातडं घाटलं न्हाई त्यांनी पायात."

डॉक्टरांनी त्यांना आत नेलं. सीताबाईंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, खाली वाकल्या आणि तशाच मागे सरल्या. आंबेहळदीच्या वासाखालून, दिवसाच्या उकाड्याने, दुसरा एक वास वर येत होता.

"ह्यात अंडं हाय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाकून लेप हुंगला.

"साहेब, ह्यांच्या गळ्यात अंडं हाय. काढा ते. मला धुऊ द्या."

कायद्याने लेपाला हात लावायचा नव्हता. बावडेकरांनी एक तुकडा कापून बाटलीत ठेवला, कागदावर लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि पाण्याची बादली मागवली. सीताबाईंनी स्वतः मान धुतली. लहान पोराची धुवावी तशी, कानामागून.

डॉक्टर बघत होते. पाणी ओसरल्यावर ते जवळ आले.

"फौजदार, हा लेप वाळताना कातडं आवळतो. जिवंत अंगावर लाल वळ उठतात. इथे एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मेल्यावर बांधलाय."

दुपारी वस्तादांच्या घरी परसात कुणी नव्हतं. भिंतीवर दोन वाडगी पालथी वाळत होती, एक मातीचं, एक पितळेचं. शालूबाई उन्हातच बसल्या होत्या. भाऊ चौकीत असताना सावलीत बसवत नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं.

"लेप तुम्ही कालवता?"

"व्हय. उडदाचं पीठ, आंबेहळद, रक्तबोळ, अन् अंड्याचं पांढरं. मातीच्या वाडग्यात."

"आणि पितळेचं?"

"ते बस्तीवाल्या, जैन मानसांचं. त्यास्नी अंडं चालत न्हाई. त्यात डिंकाचं पानी." त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. "ह्या तवनाप्पा शेटचीच आई मनगट मोडून आलती. दादानं नेहमीचा लेप लावला. मागनं म्हातारीला कळलं, अंडं हुतं. तीन दिस अन्न सोडलं बाईनं. दादा तिच्या पायावर डोकं ठेवून आला. तवापास्नं दुसरं वाडगं. ह्यातलं बोट त्यात जात न्हाई."

"कधीची गोष्ट?"

"स्वातंत्र्य मिळालं त्या सालची."

"काल संध्याकाळी लेप कालवला होता?"

"न्हाई. दोन्ही वाडगी दुपारीच घासून पालथी घातलीती. तशीच हायती."

"ती खोच कुणाकुणाला येते?"

"दादाला, मला. अन् अंबादासला दादानं शिकवलीती." त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "साहेब, दादाचं हे हातांचं काम बंद हुईल का हो? घर त्याच्या हातावर न्हाई चालत; पैका घेत न्हाई त्यो, लोक नारळ ठेवत्यात. घर शेतावर चालतंय. पन त्यो हातांबिगर जगायचा न्हाई."

बावडेकरांना खोटा धीर देता येत नसे. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि परसातल्या मागच्या दाराने बाहेर पडले. मागचा बोळ मोजून शंभर पावलांचा होता. त्यांनी मोजली, कारण प्रत्येक पाऊल पाठीत कळत होतं. बोळाच्या टोकाला नवी पाटी होती: डॉ. अंबादास, कायरोप्रॅक्टर. अमेरिकेची पदवी. मान, पाठ, कंबर, तत्काळ आराम.

पदवी भिंतीवर चौकटीत होती. पोस्टाने आलेल्या पाकिटाच्या घड्या तिच्यावर अजून दिसत होत्या. खोलीत गादी लावलेलं लांब टेबल, लाकडी मणक्यांची माळ आणि टेबलामागे अंबादास. पस्तिशीचा, नीटनेटका. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं आणि त्याने खांद्यांवर लोकरीचा कोट घेतला होता.

"बसा. पाठ ना?" तो हसून म्हणाला. "चालण्यावरून कळतं. मणका सरकला की नस दबते, नस दबली की कळ येते. मणका जागेवर आणला की झालं. तीन बैठकांत धावायला लागाल."

"हात न लावताच कळलं?"

"शास्त्र आहे."

"मग आत्ताच बघा की."

"आज नको. शेजारी असा प्रकार घडला, मी सगळे पेशंट परत पाठवले. पुढच्या आठवड्यात या."

त्याने डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे सरकवला. उजवा कोटाच्या आत, मांडीवर होता.

"तवनाप्पा कधी तुमच्याकडे आले होते?"

"नाही. ते वस्तादांचे जुने."

"वस्तादांबद्दल तुमचं मत?"

"गुरू आहेत, काय बोलू? पण काळ बदलला, ते बदलले नाहीत. माझं निम्मं आयुष्य त्या लेपात गेलं. राजा येवो नाहीतर हमाल, सगळ्यांना तेच अंडं आणि तीच आंबेहळद."

बोळातून हातगाडी खडखडत गेली. टेबल किंचित हललं. अंबादासने डोळे मिटले आणि उघडले. कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता. दुखणाऱ्याला दुखणारा लांबून ओळखतो. बावडेकरांनी निरोप घेतला तेव्हा अंबादासने नुसता डावा हात छातीशी नेला.

"पाचला चौकीत या," फौजदार म्हणाले. "मानेच्या शास्त्राचं कुणीतरी सांगणारं हवं. लिहून घेतो, की सुटलो."

पाच वाजता चौकीत चार माणसं होती. भिंतीशी हंबीरराव, त्यांच्या जवळ शालूबाई, बाकावर सीताबाई, आणि खुर्चीत अंबादास, कोट तसाच. ज्ञानू कुठे दिसत नव्हता. बावडेकरांनी फोन बाजूला काढून ठेवला होता.

"मला लवकर घरी जायचंय," ते म्हणाले, "म्हणून थोडक्यात सांगतो. तवनाप्पांच्या पायात पायताण नव्हतं आणि तळव्यांना धूळ नव्हती. म्हणजे ते सोप्यावर चालत आले नाहीत. कुणीतरी आणून बसवलं. वस्तादांच्या घरात मेले असते तर वस्तादांनी त्यांना आपल्याच दारात मांडून ठेवलं नसतं. एवढं तर माझा जमादारही सांगेल."

"मग बाहेरचा कुणीतरी," अंबादास म्हणाला.

"बाहेरचा, पण आतलं शिकलेला. पट्टीची ती खोच तीन हातांना येते. वस्ताद, शालूबाई आणि तुम्ही."

"खोच सगळ्या पेठेने बघितलीय."

"बघून येत असती तर मी कुस्तीगीर झालो असतो. असो. खोच राहू द्या, लेपाकडे या. लेप मेल्यावर लावलाय, म्हणजे फक्त आम्हाला दाखवायला. आणि त्यात अंडं आहे."

"वस्तादांच्या लेपात अंडं असतंच."

"दुपारीही तुम्ही हेच म्हणालात. राजा येवो नाहीतर हमाल." बावडेकरांनी पाठ खुर्चीला टेकवली. "सहा वर्षं झाली, या घरात जैन माणसाला अंड्याचा लेप लागत नाही. त्यांचं वाडगं वेगळं आहे. वस्तादांना ते ठाऊक, शालूबाईंना ठाऊक. या दोघांपैकी कुणी, अगदी नाटक करायला झालं तरी, तवनाप्पांच्या गळ्याला अंडं लावलं नसतं. ज्यांच्या आईमुळे दुसरं वाडगं आलं, त्यांना कसं लावतील? तुम्ही गेलात नऊ वर्षांपूर्वी. वाडगं आलं सहा वर्षांपूर्वी. तुम्ही शिकलात तसाच लेप केलात. चांगला केलात, फक्त जुना केलात."

अंबादासचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.

"हा सगळा तर्क आहे. मला इथे तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं."

"कोट काढा."

"काय?"

"उकडतंय. कोट काढून त्या खुंटीला लावा. उजव्या हाताने."

तो उठला नाही.

"वजन उचललं की तुमचा खांदा निखळतो," बावडेकर म्हणाले. "शंभर पावलं एक मेलेला माणूस खांद्यावर घेऊन चाललात. काल रात्रीपासून हात लोंबतोय. स्वतःचा स्वतःला बसवता येत नाही, दवाखान्यात गेलात तर विचारतील, आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांना तुम्ही माझ्याकडे पाठवलंत."

दार उघडलं. ज्ञानू आत आला आणि त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पायताण टेबलावर ठेवलं. टायरचा तळ, कॅनव्हासचा पट्टा.

"डाक्टरच्या न्हाणीत हुतं, बंबाच्या मागं, सरपनात," तो म्हणाला. "उजाडल्यावर ध्येनात आलं असंल. तोवर बोळात हीऽ गर्दी, टाकायला जातोय कुठं."

पायताण बघून सीताबाई उठून टेबलापाशी आल्या. अंबादासने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

"ते स्वतःहून आले," तो म्हणाला. "म्हणाले, वस्ताद घाबरतो, तू तरी कर. पावण्यांत जायचंय. मी मान फिरवली. कट असा आवाज झाला. ते हसले, म्हणाले, मोकळं वाटतंय. मग पाणी मागितलं. मग पाणी गिळता येईना. मग बोलता येईना."

"इस्पितळ किती लांब आहे?"

"दहा मिनिटं."

"मग?"

"पाटी लावून चारच महिने झालेत, साहेब. मला वाटलं, उतरेल. चक्कर असेल, उतरेल. मी हात धरून बसलो होतो त्यांचा."

"किती वेळ?" हे सीताबाईंनी विचारलं.

त्याने डाव्या हाताने कोट खांद्यावर ओढून घेतला.

"किती वेळ जित्ते हुते?"

"तासभर."

"तासभर," सीताबाई म्हणाल्या. त्यांनी पायताण वर्तमानपत्रासकट उचललं, पदराखाली घेतलं आणि जाऊन बसल्या.

बावडेकर हंबीररावांकडे वळले. दिवसभर दाबून ठेवलेला राग आता आला, आणि तो अंबादासपेक्षा वस्तादांचाच जास्त होता.

"तुम्हाला पहिल्या नजरेत कळलं."

"अंड्याचा वास आला. जैनाच्या गळ्यात अंडं. मग खोच बघिटली. आम्हा दोघांचं न्हाई म्हटल्यावर उरला कोन?"

"मग गप्प का बसलात?"

"माझं हात म्हातारं झालं, साहेब. त्येचं सगळं फुडं हाय. अन् त्याच्या हातात जे हाय ते मीच घाटलंय."

"तुम्ही आत बसला असता आणि तो मोकळा. पुढच्या आठवड्यात माझी पाठ त्याच्या टेबलावर असती. परवा आणखी कुणाची मान. तेवढं सुचलं नाही तुम्हाला?"

वस्तादांनी आपले दोन्ही तळवे उलटून पाहिले.

"न्हाई सुचलं," ते म्हणाले. "हात कवा लावायचा ते शिकवलं त्येला. न्हाई कवा म्हणायचं ते शिकवायच्या आधीच त्यो गेला. मी बी आडवलं न्हाई."

ज्ञानू बेडी घेऊन पुढे आला आणि त्याने अंबादासचा कोट ओढला. अंबादास ओरडला नाही. नुसता पांढरा पडला आणि खुर्चीतून गुडघ्यांवर आला. उजवा खांदा खाली घसरून पुढे आला होता, सुजून काळानिळा. मुंबईची भाषा त्या एका क्षणात गळून पडली.

"वस्ताद, लई दुखतंय."

हंबीरराव उठले. दोन पावलं गेले आणि थांबले. मग अंबादासकडे नाही, सीताबाईंकडे वळले.

"सीताक्का," ते म्हणाले, "लावू का हात?"

सीताबाईंनी पदराखालचं पायताण घट्ट धरलं. नवऱ्याचा हात तासभर धरून बसलेल्या, आणि दहा मिनिटांवरच्या इस्पितळात न गेलेल्या माणसाकडे त्या बघत होत्या.

"लावा," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचं काम हाय ते."

वस्तादांनी अंबादासला जमिनीवर उताणं झोपवलं. आधी बघितलं. मग बोटांना चिमटा काढून विचारलं, "कळतंय?" तो म्हणाला, कळतंय. मनगटावर नाडी पाहिली. मग शेजारी बसून टाच त्याच्या काखेत टेकवली, दोन्ही हातांनी मनगट धरलं आणि सावकाश, अगदी सावकाश ओढत राहिले. घाई कुठेच नव्हती. एका क्षणी आत काहीतरी सरकून जागेवर बसलं, आणि अंबादास रडायला लागला.

हंबीररावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचा हात पोटाशी घेऊन बांधला आणि टोक दोनदा आत खोवलं. उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. बावडेकरांनी त्यांना असं आधार घेताना पहिल्यांदाच बघितलं.

"साहेब, बेडी डाव्या हाताला घाला," वस्ताद म्हणाले. "उजवा तीन आठवडं हालवायचा न्हाई."

बावडेकरांनी ज्ञानूला तसं सांगितलं.